रिपोर्ट पाठवला होता

१

शनिवारी संध्याकाळी नाटकाचा दुसरा अंक रंगात आला होता, तेव्हा नाट्यगृहाच्या बाल्कनीच्या पोटातून परातीएवढा काँक्रीटचा ढलपा सुटला आणि खाली दाराशी उभ्या असलेल्या डोअरकीपरच्या उजव्या खांद्यावर पडला. त्याच्या पुढच्या दोन रांगा त्या दिवशी रिकाम्या होत्या, म्हणून बाकी कुणाला खरचटलंही नाही. प्रेक्षकांना आधी वाटलं, नाटकातलाच आवाज आहे. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या म्हणे.

डोअरकीपर हॉस्पिटलात गेला, नाट्यगृहाला कुलूप लागलं आणि सोमवारी जी गोष्ट बाहेर फुटली तिने सगळ्यांची झोप उडवली. त्या बाल्कनीची तपासणी अपघाताच्या आधी त्याच आठवड्यात झाली होती. तपासणी करणाऱ्या इंजिनीअर मुलीचं म्हणणं, "तुळईला भेग आहे, बाल्कनीखाली माणसं बसवू नका, असा रिपोर्ट मी मंगळवारीच मेलने पाठवला." नाट्यगृहाच्या मॅनेजरचं म्हणणं, "आमच्याकडे असा कुठलाही मेल आला नाही."

दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. इंजिनीअरांच्या मंडळाने मुलीचं लायसन्स तूर्त काढून घेतलं आणि चौकशी आमच्या घरात आणून टाकली.

आमच्या घरात म्हणजे माझ्या बायकोकडे. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. एखादी नदी हरवली तरच लोक माझ्याकडे येतील. बायको मात्र विमा कंपनीत होती. कुणाचं गोदाम जळलं आणि कुणी जाळलं, हे ठरवण्यात तिची सगळी नोकरी गेली. ती इंजिनीअर नाही आणि नाटकवालीही नाही, म्हणून दोन्ही पक्षांना चालली. मला कुणी विचारलं नव्हतं, पण गाडी मी चालवतो, त्यामुळे मी आपोआप चौकशी समितीवर आलो.

"यात शोधायचंय काय?" मी गाडी काढता काढता म्हणालो. "मॅनेजरने रिपोर्ट दाबला. पुढच्या सगळ्या प्रयोगांची तिकिटं विकून बसलाय. कोण बंद करेल बाल्कनी?"

"अहो, आधी त्या मुलीला तरी भेटू," ही म्हणाली. "निकाल परत येताना लावा."

मुलगी ऑफिसच्या जिन्यातच आमची वाट बघत होती. तिशीची असेल. डोळ्यांवरून कळत होतं की बरेच दिवस झोप नाही. तिने आम्हाला वर नेलं, पाणी दिलं आणि बसायच्या आतच सांगून टाकलं.

"मॅडम, नंतर कळण्यापेक्षा मीच सांगते. रिपोर्ट मी पाठवला, शप्पथ. पण पाठवल्याचा एकही पुरावा माझ्याकडे नाही."

२

ऑफिस छोटं होतं. पुढे दोन टेबलं, मागे काचेची केबिन, मधल्या बोळात एक भलंमोठं नवं कोरं मशीन. छापणं, झेरॉक्स, स्कॅन, मेल, सगळं तेच करायचं. केबिनमध्ये फर्मचे मालक, म्हणजे मुलीचे सख्खे काका. पुढच्या एका टेबलावर मुलगी, दुसऱ्यावर काकांचे चिरंजीव. एवढाच काय तो कारभार. मुलीचे आईवडील ती लहान असताना गेले, ती काकाकाकूंकडेच वाढली. म्हणजे टेबलं दोन असली तरी घर एकच.

"आमचे रिपोर्ट काँप्युटरवरून जात नाहीत," मुलगी सांगू लागली. "छापायचे, काकांनी पानापानावर सही करायची, मग मशीनवर स्कॅन करायचे. मशीनच थेट मेल करतं. त्यामुळे माझ्या पाठवलेल्या मेलमध्ये ते दिसतच नाहीत. मशीनला शेवटची वीसेक कामं आठवतात, त्याआधीची पुसली जातात. मंडळाचे लोक आले तोवर माझं पुसलं गेलं होतं."

"आणि मेल परत आला नाही? पोचला नाही म्हणून?"

"नाही ना! मी हजारदा बघितलं. परत काहीच आलं नाही, म्हणून तर मी निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेरगावच्या कामाला निघून गेले."

माझा चेहरा मी कोरा ठेवला, पण मनात म्हटलं, पोरी, कठीण आहे. रिपोर्ट लिहिला होता हे कुणीच नाकारत नव्हतं. चाळीस पानांची जाडजूड चळत काकांच्या सह्यांसकट समोर पडली होती. प्रश्न एवढाच, की पाठवायचा राहून गेला आणि आता अंगाशी आल्यावर 'पाठवला होता' असं चाललंय का?

"मॅनेजरना फोन का नाही केला?" बायकोने विचारलं. "एवढी भेग, तर फोन करून सांगायचं."

मुलीने केबिनकडे पाहिलं. उत्तर तिथून काकांनीच दिलं. गोरे, उंच, शर्टाच्या खिशाला शाईचं पेन. "तो नियम माझा आहे. तपासणीतलं तोंडी काही बोलायचं नाही. कुणाशीच नाही. तरुणपणी एका मालकाला मी तोंडी सांगितलं होतं, गच्ची उतरवा. पुढे कोर्टात तो म्हणाला, यांनी तर सगळं ठीक म्हणून सांगितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, बाई. तेव्हापासून जे सांगायचं ते कागदावर, आणि कागदावर माझी सही. शाईची. छापील सही मला चालत नाही."

"रंगीत स्कॅन करता?"

"अर्थात! निळी शाई निळीच दिसली पाहिजे. काळी दिसली की कुणीही म्हणेल, झेरॉक्स आहे." मग त्यांनी मुलाच्या टेबलाकडे पाहून आवाज चढवला. "पण आजकाल ऐकतो कोण? आमच्या चिरंजिवांनी मोठ्या पुलाचा रिपोर्ट पाठवला, तो चक्क काळापांढरा. माझी सही त्यात माशी चिरडल्यासारखी दिसते. इतकी वर्षं शिकवलं, आणि अपघाताच्या आधीच्या बुधवारपासून याला काळ्याची हौस आली."

चिरंजिवांनी मान खाली घातली. माणूस नाकासमोर चालणारा वाटला. बोलायला बसवलं तेव्हा बहिणीबद्दल वाईट बोलणार नाही असं आधी म्हणाला आणि मग बोललाच. तसं बहुतेक सगळेच बोलतात.

"ती हुशार आहे. बाबांचा तिच्यावर फार जीव. पण आटोपशीर म्हणून काही नाही तिच्यात. चाळीस पानं, आणि पानापानाला फोटो! मी असतो तर दोन तुकडे करून पाठवला असता. तिला हे कोण सांगणार? तिचं कधी चुकतच नाही."

"पाठवला असेल असं वाटतं तुला?" ही म्हणाली.

"ते मी कसं सांगू? मॅनेजरला विचारा. त्या दोन रांगा त्याने रिकाम्या का ठेवल्या होत्या, हेही विचारा."

बायको उठता उठता थांबली. मी तर पेनच काढलं.

३

मॅनेजर गोल, घामट आणि गोडबोल्या. माझा पहिल्या नजरेतच आरोपी.

"माझ्या मुलांची शपथ, मेल आला नाही," तो म्हणाला. त्याने काँप्युटर आमच्यापुढे फिरवला. "बघा. मंगळवार, बुधवार, हवं तर महिनाभराचं बघा. उडवलेलं बघा. मंडळाचा माणूस येऊन सगळं उपसून गेलाय. भेग आहे असं कळलं असतं तर मी एकालाही आत बसवलं असतं का? मी स्वतः रोज त्या बाल्कनीखालून चारदा जातो."

"शेवटच्या दोन रांगा मात्र बरोबर रिकाम्या होत्या," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. पण बाण सुटला होता.

मॅनेजरचा रुमाल कपाळावर गेला तो तिथेच राहिला.

"त्या रांगांची तिकिटं तुम्ही विकली नाहीत," मी पुढे रेटलं. "बाकी थिएटर भरलेलं असताना. जिथे पडायचं होतं, नेमकं तिथेच कुणी नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का?"

"त्याचं काय आहे..." मॅनेजर म्हणाला आणि दाराकडे पाहू लागला. "हे बाहेर जाणार नाही ना? आमच्या कमिटीला माहीत नाही."

४

कमिटीला माहीत नव्हतं ते असं, की त्या दोन रांगांच्या खुर्च्यांतून खिळे वर आले होते. गेल्या महिन्यात एका मोठ्या पाहुण्याची पँट त्यात फाटली. मॅनेजरने गुपचूप त्याला नवी पँट घेऊन दिली आणि खुर्च्या गाद्या बदलायला धाडल्या, त्याही कमिटीला न कळवता. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याकडे आम्ही जाऊन आलो. अपघाताच्या कितीतरी आधीपासून त्या त्याच्याकडे पडून होत्या. तपासणीच झाली नव्हती तेव्हापासून. दुकानात बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यातल्याच एका खुर्चीवर मी बसलो आणि तत्काळ उठलो. पुरावा पटला.

"म्हणजे मॅनेजर सुटला," मी गाडीत म्हणालो. "मग मुलगीच. वाईट वाटतं, पण विसरली असणार. बाहेरगावची गडबड, डोक्यात दहा कामं."

ही माझ्याकडे वळली.

"अहो, दोघं खरं बोलत असतील तर?"

"कसं शक्य आहे? एक म्हणतो आलं नाही, दुसरी म्हणते पाठवलं."

"त्यात भांडण कुठे आहे? पाठवलं आणि आलं नाही. तुम्ही बाजारातून निघता आणि घरी पोचत नाही, मध्ये तासभर गप्पा ठोकता. तेव्हा तुम्ही निघाला होतात हेही खरं, आणि घरी नव्हतात हेही खरं."

हे उदाहरण द्यायचं काही कारण नव्हतं. पण मुद्दा बिनतोड होता. मी गाडी वळवली.

ऑफिसात आता मुलगी एकटीच होती. काका आणि चिरंजीव जेवायला गेले होते. ती हल्ली त्यांच्याबरोबर जेवत नव्हती. बायकोने तिला सांगितलं, "मंगळवारी काय केलंस ते सांगू नकोस. करून दाखव."

ही तिची जुनी पद्धत. माणसं सांगताना नीटनेटकं सांगतात, करताना जसं घडलं तसं करतात. मुलीने चाळीस पानं उचलली, बोळात गेली, मशीनवर ठेवली, रंगीत निवडलं, सगळ्यात बारीक, सगळ्यात स्वच्छ प्रत निवडली. काकांची शाई! मग विचारलं, "कुठे पाठवू?"

"यांना," बायको म्हणाली आणि माझा मेलचा पत्ता दिला.

मशीनने एकेक पान गिळलं. शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली. 'पाठवले.'

"मंगळवारीही अशीच आली होती," मुलगी म्हणाली. "मी पर्स उचलली आणि घरी गेले."

मी फोन हातात धरून बसलो. चहा झाला. मुलीने नखं खाऊन संपवली. माझ्या फोनवर काही म्हणजे काही आलं नाही.

"आता एकच पान पाठव," बायको म्हणाली.

फोन लगेच वाजला. एक पान, खाली निळीशार सही. मी ते मोठं करून बघत होतो, तेवढ्यात हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. सहीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती सगळ्यात वरची ओळ वाचत होती, मेल कुणाकडून आला ती.

"तुझं नाव नाही इथे," ती मुलीला म्हणाली.

५

"मशीनचा स्वतःचा पत्ता आहे," बायको सावकाश बोलू लागली. तिचं कोडं सुटत आलं की तिचा आवाज खाली जातो. माझा वर जातो. "पोरी, मेल तू नाही पाठवलास. मशीनने पाठवला. एक पान गेलं, चाळीस रंगीत पानं गेली नाहीत. फार मोठा म्हणून समोरच्या मेलच्या पेटीने तो घेतलाच नाही. आणि घेतला नाही की निरोप परत जातो. कुणाकडे?"

"ज्याने पाठवला त्याच्याकडे," मुलगी पुटपुटली. मग तिने मशीनकडे असं पाहिलं की जणू ते आत्ताच खोलीत आलंय. "म्हणजे मी माझ्या पेटीत शोधत बसले, आणि परत आलं ते..."

"काखेत कळसा!" मी ओरडलो. "गावाला वळसा!"

"पण आमचे रिपोर्ट नेहमी जातात," मुलगी म्हणाली.

"दहाबारा पानांचे जात असतील. एवढा मोठा कधी गेला होता? या नव्या मशीनवरून?"

तिने आठवून मान हलवली. मग एकदम खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. बरेच दिवस साठलेलं होतं. विसराळू आणि वर खोटारडी असा शिक्का घेऊन ती वावरत होती, आणि आतून तिलाही कधीतरी वाटलं असेल, खरंच पाठवला ना मी? बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू दिलं.

माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. दोष कुणाचाच नाही, दोष मशीनचा. मी पिशवी उचललीसुद्धा.

"बसा," ही म्हणाली. "मशीनच्या पेटीत काय येतं, हे कोण बघतं?"

"कुणीच नाही," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "तिला पेटी आहे हेच मला आज कळलं. मशीन आलं तेव्हा सगळं दादाने जोडून घेतलं होतं."

जिन्यावर पावलं वाजली. काका आणि चिरंजीव जेवून परत येत होते.

६

बायकोने काकांना खुर्ची दिली, जशी काही ती मालकीण आणि ते पाहुणे. मशीनची हकीकत सांगितली. काका ऐकता ऐकता मशीनकडे, मग आपल्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले.

"म्हणजे माझ्या शाईमुळे..." ते म्हणाले.

"शाईमुळे मेल परत आला. पण परत आला हे कुणाला तरी कळलं होतं." ती चिरंजिवांकडे वळली. "त्या पेटीत कोण बघतं रे?"

"कोणीच नाही, मॅडम. दुकानाच्या माणसाने बनवली होती. पासवर्ड त्यालाच ठाऊक."

"असं? मग मला दोन गोष्टी समजत नाहीत, त्या तू समजावून दे. सकाळी तू म्हणालास, मी असतो तर दोन तुकडे करून पाठवला असता. सकाळी सगळ्यांपुढे दोनच शक्यता होत्या: हिने पाठवला नाही, नाहीतर मॅनेजरने दाबला. मेल मोठा होता म्हणून अडला, हे मलाही माहीत नव्हतं. मग तुकडे करायचं तुझ्याच डोक्यात कसं आलं?"

"सहज बोललो. जाड होता म्हणून."

"बरं, सहज. दुसरी गोष्ट. बाबा म्हणतात, इतकी वर्षं रंगीत पाठवणारा मुलगा बुधवारी एकाएकी काळापांढरा पाठवायला लागला. पुलाचा रिपोर्टही जाड होता ना? मंगळवारी संध्याकाळी हिचा मेल परत आला आणि बुधवारी तू तुझा हलका केलास. बाबांची बोलणी खाल्लीस, पण हलकाच केलास. का?"

चिरंजिवांनी बोळाकडे पाहिलं. बोळातलं मशीन मध्येच घुरघुरलं आणि थांबलं.

"उघड," काका म्हणाले.

"बाबा, पासवर्ड..."

"उघड म्हणतो ना!"

मुलगा टेबलापाशी बसला. पासवर्ड त्याने कुठेही न बघता टाकला. पेटीत शाई संपत आली, कागद अडकला, अशा मशीनच्या बारीकसारीक तक्रारींचा ढीग होता, सगळ्यात वर आमच्या आजच्या मेलचा परत आलेला निरोप, आणि खाली ढिगात मंगळवारच्या संध्याकाळचा तसाच एक. रुक्ष भाषेत लिहिलं होतं की आपला मेल फार मोठा असल्याने पोचवता आला नाही. तो उघडून वाचलेला होता.

"त्या दिवशी दुपारी तुम्ही सांगितलंत, फर्मच्या पाटीवर तिचं नाव घालणार," मुलगा बापाकडे न बघता म्हणाला. "म्हणालात, तिच्या कामात चूक सापडत नाही, शिक जरा. संध्याकाळी हे फोनवर आलं, ती पेटी मी फोनलाच जोडली आहे. ती घरी निघून गेली होती. मला वाटलं, राहू दे. दोन दिवसांनी मॅनेजर ओरडेल, रिपोर्ट कुठेय म्हणून. एकदा तरी तुम्हाला दिसेल की तिचंही चुकतं. बस, एवढंच. रिपोर्टात काय होतं ते मी वाचलंसुद्धा नव्हतं."

"शनिवारनंतर?" बायकोने विचारलं.

"शनिवारनंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

मला त्याचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण त्याहून जास्त शरम वाटली, कारण असला बारीक मत्सर मी स्टाफरूममध्ये जन्मभर पाहिला आहे. तिथे त्याने फार तर कुणाची बढती हुकते. इथे बाल्कनीत आणि बाल्कनीखाली भरलेलं थिएटर बसलं होतं.

काका उठले, पुतणीच्या टेबलापाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि तो मध्येच खाली घेतला. "बाई, जे घडलं ते जसंच्या तसं लिहा," ते म्हणाले. "मुलगा माझा आहे, पण लिहा."

चुलतभावाकडे मुलीने एकदाच पाहिलं. "जिन्यात हाक मारायचीस रे," ती म्हणाली. "मी शेवटच्या पायरीवर असले तरी वर आले असते."

७

मंडळाने लायसन्स परत केलं. चिरंजिवांचं काढून घेतलं आणि त्यांनी तक्रार केली नाही. त्या घरात आता काकू कुणाला काय वाढते आणि कोण कुणाशी बोलतं, हे मला माहीत नाही आणि विचारायची छातीही नाही.

मुलीने मात्र बायकोला गळ घातली, "डोअरकीपरला मी स्वतः सांगणार. तुम्ही फक्त बरोबर या." म्हणून आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो.

डोअरकीपर पन्नाशीचा, मिशाळ, खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर. हात पूर्वीसारखा वर जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "दार डाव्या हातानेही उघडतं," तो आम्हाला म्हणाला. "तिकीट फाडायला मात्र दोन लागतात."

मुलगी उभी राहूनच बोलू लागली. रिपोर्ट लिहिला होता, मेल केला होता, मेल फार मोठा होता, मशीनच्या नावाने परत आला, भावाने पाहिला आणि लपवला. तिने काहीच गाळलं नाही. स्वतःचं निर्दोषत्व असं बिनचूक मांडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. डोअरकीपर मान डोलावत सगळं ऐकत राहिला.

"ते तर झालंच, ताई," तो शेवटी म्हणाला. "मोठा होता, परत आला, समजलं. पण तुम्ही त्या दिवशी शिडीवरून उतरून माझ्याच दारातून बाहेर गेलात. मी दार धरलं होतं. मी विचारलंसुद्धा, काय ताई, निघालं का काही? तुम्ही म्हणालात, रिपोर्ट येईल."

मुलीने त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"मला मेल कुठून यायचा?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होता. "मी तर समोरच उभा होतो."

मी बायकोकडे पाहिलं. काकांचा नियम, शाई, मशीन, मत्सर, सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच इथे सांगण्यासारखं नव्हतं. बाहेरून ढकलगाडी खडखडत गेली.

मुलगी पुढे झाली. पलंगाच्या कडेला, त्याच्या चांगल्या हाताजवळ बसली.

"दादा," ती म्हणाली, "वरच्या तुळईला भेग आहे. आरपार आहे. बाल्कनीखाली उभे राहू नका."

डोअरकीपरने तिच्याकडे नीट पाहिलं.

"बरं ताई," तो म्हणाला. "नाही राहत."